बेळगावात राहून दोन वर्षांत नेटवर्किंग शिकायचं तर : नव्यानं येणाऱ्यांसाठी

बी.सी.ए. किंवा बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला की खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या पोरांपुढं एकच प्रश्न असतो : पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची, की इथंच राहून अजून दोन वर्षं शिकायचं? ज्यांनी दुसरा रस्ता धरलाय आणि ज्यांना नेटवर्किंगमध्येच जायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी याच रस्त्यानं गेलोय, आता पोटही याच कामावर भरतं. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ओळखीच्यांची मुलं तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही. दोन वर्षांच्या एम.सी.ए.त नेटवर्किंगचा एक मुख्य पेपर असतो. त्याच्या आगेमागे सायबर सुरक्षा, क्लाउड असे एखाददुसरे ऐच्छिक विषय मिळतात. शेवटचं सेमिस्टर बहुतेक प्रकल्प आणि इंटर्नशिपमध्येच जातं. म्हणजे वर्गात बसून शिकायची खरी मुदत दीड वर्षाची, आणि त्यात तुमच्या आवडीच्या विषयाला मिळतात आठवड्याचे काही तास. नुसत्या अभ्यासक्रमाच्या भरवशावर राहिलात तर हातात पदवी येईल, पण स्विचला (अनेक यंत्रं एका नेटवर्कमध्ये जोडणारी पेटी) कन्सोल केबल, म्हणजे तो चालवायला लॅपटॉप जोडायची केबल, लावताना हात थरथरेल. पदवी कॉलेजकडून घ्यायची आणि नेटवर्किंग स्वतः चार सेमिस्टरांत वाटून शिकायचं, असं धरून चाला.

१. कुठली पदवी ते आधी ठरवा

एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांची होती. २०२०-२१पासून दोन वर्षांची झाली. बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर यांना ती सरळ पडते. बी.कॉम., बी.ए.वाल्यांनाही दार बंद नाही, पण बारावीला किंवा पदवीला गणित असावं लागतं. पदवीला साधारण ५० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि कॅटेगरी-१ (कर्नाटकातल्या मागासवर्गांतला एक गट) यांच्यासाठी ४५.

बी.ई. झालेल्यांसाठी एम.टेक. आहे. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, याच्या एम.टेक. शाखांमध्ये कॉम्प्युटर नेटवर्क इंजिनिअरिंग अशी वेगळी शाखा आहे, पण ती प्रत्येक कॉलेजात नसते. त्या वर्षी कुठं किती जागा आहेत ते सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) पाहूनच ठरवा. गेट या प्रवेश परीक्षेत पात्र ठरून एम.टेक.ला गेलात तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. घरून पैसे मागायला नको वाटणाऱ्यांनी ही बाब हलक्यात घेऊ नये.

एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स हा तिसरा पर्याय. राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला आहे, २०१० साली सुरू झालेलं. एम.एस्सी.ला फी कमी पडते, पण अभ्यास सिद्धांताकडं झुकलेला असतो. पुढं नेट-सेट देऊन शिकवायचं असेल तर चांगलं. राउटर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देणारं यंत्र) आणि स्विचच्या कामाला जायचं असेल तर मी एम.सी.ए.च सुचवेन. कारण साधं आहे : कंपन्यांच्या जाहिरातीत बी.ई. किंवा एम.सी.ए. असं लिहिलेलं असतं, आणि पहिली चाळणी त्या ओळीवरच लागते.

बेळगाव शहरात पर्याय बरे आहेत. व्हीटीयूचं मुख्यालयच इथं ज्ञानसंगमला आहे. उद्यमबागेतलं गोगटे इन्स्टिट्यूट १९७९चं. निपाणी, चिकोडी, निडसोशीकडंही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथं एम.सी.ए. त्या वर्षी चालू आहे का ते विचारून घ्या.

२. प्रवेश परीक्षा : इकडची, आणि हवी तर पलीकडची

एम.सी.ए.साठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला केईए म्हणतात ते, पीजीसीईटी घेतं. शंभर प्रश्न, शंभर गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॉम्प्युटर, गणित, तर्क, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असा मसाला असतो. बी.सी.ए. नीट केलेल्याला परीक्षा जड जात नाही. जड जातं ते पुढचं.

निकालानंतर कागदपत्रांची पडताळणी, मग ऑप्शन एन्ट्री (कॉलेजांची पसंती भरणं), मग जागावाटप. ऑप्शन भरताना आवडीच्या क्रमानं भरा, मिळेल की नाही याचा विचार करून खालीवर करू नका. क्रमांक पुरला तर वरचं मिळतं, नाही पुरला तर आपोआप खालचं. वर लिहिल्यानं नुकसान काहीच नाही. जागा मिळाल्यावर चार चॉइस समोर येतात : पहिली म्हणजे घेतली, समाधान आहे, दुसरी म्हणजे घेतली पण पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर बघू, तिसरी म्हणजे ही नको, पुढच्या फेरीला थांबतो, चौथी म्हणजे मी बाहेर पडतो. घाईघाईत सायबर कॅफेत बसून चौथीवर क्लिक करणारे दरवर्षी निघतात. स्वतःच्या मोबाइलवर शांतपणे वाचून करा, कॅफेवाल्या अण्णांवर सोडू नका.

आता पलीकडची वाट. कोल्हापूर, सांगली, पुण्यात एम.सी.ए. करायची तर महाराष्ट्राची एम.सी.ए. सीईटी वेगळी द्यावी लागते. तिथल्या केंद्रीय प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार असतो. त्यासाठी दोन दाखले लागतात : गाव सीमाभागातलं असल्याचा, आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे ठरावीक नमुने माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेले असतात. त्याच नमुन्यात करून घ्या. साध्या कागदावर लिहून आणलेला दाखला परत पाठवतात. दोन्हीकडच्या परीक्षा द्यायला हरकत नाही. मात्र दोन्हीकडं फी भरून बसू नका, एकीकडची परत मिळवताना चपला झिजतात.

३. कागदपत्रं : खरी परीक्षा इथं आहे

यादी आधी, बोलणं मागून.

- दहावीचं गुणपत्रक (जन्मतारीख आणि नावाचा मूळ पुरावा हाच)
- पीयूसीचं किंवा बारावीचं गुणपत्रक
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रकं आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
- स्टडी सर्टिफिकेट : कर्नाटकात किती वर्षं शिकलात त्याचं
- जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याची जवळची कचेरी), त्यावरच्या आर.डी. क्रमांकासह
- ग्रामीण दाखला, पहिली ते दहावी खेड्यात झाली असेल तर
- टी.सी. आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन
- आधार, आणि आधार जोडलेलं बँक खातं
- फोटो, पाच-सहा झेरॉक्स संच

आता खाचखळगे.

कर्नाटकाच्या सरकारी कोट्यासाठी राज्यात किमान सात शैक्षणिक वर्षं शिक्षण झालेलं असणं हा सर्वसाधारण नियम. बेळगावात पहिलीपासून शिकलेल्याला याची काळजी नाही. पण आपल्याकडं अर्धं शिक्षण इकडं, अर्धं तिकडं अशी मुलं भरपूर. प्राथमिक शाळा चंदगडला आजोळी, हायस्कूल बेळगावात, बारावी गडहिंग्लजला, पदवी पुन्हा इथं. अशांनी कागद घेऊन वर्षं बोटांवर मोजावीत आणि प्रत्येक शाळेचं वेगळं स्टडी सर्टिफिकेट आणावं. मुख्याध्यापकांच्या सहीवर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी मागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात, म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरकून टाका.

मराठी माध्यमात शिकलेल्यांनी अर्जातला कन्नड माध्यमाचा रकाना वाचून न वाचल्यासारखं करून ‘हो’ करू नये. तो कोटा पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांचा आहे. पडताळणीत सापडलं की अर्जच अडकतो. ग्रामीण कोटा मात्र माध्यमावर ठरत नाही. येळ्ळूर, किणये, बैलूरच्या मराठी शाळेत दहा वर्षं काढली असतील तर गावाची नोंद ग्रामीण आहे का ते पाहून बिनधास्त मागा. शहर वाढत चाललंय, शेजारची गावं कागदोपत्री कधी कशात गेली ते बघावं लागतं.

जातीच्या दाखल्याबाबत एक गोंधळ नेहमीचा. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचं ऐकून इथं अर्ज भरू नका. दोन राज्यांच्या याद्या वेगळ्या आहेत. कर्नाटकात मराठा समाज ३-बी या मागासवर्गात येतो. ३-बीचा दाखला काढताना उत्पन्नाची मर्यादा बघतात, आणि दाखल्याला मुदत असते. दहावीला काढलेला कागद आता चालेलच असं नाही.

सगळ्यात जास्त त्रास नावाचा. नाडकचेरीचा दाखला कन्नडमध्ये निघतो, गुणपत्रक इंग्रजीत, आधारवर तिसरंच. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, तिसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. माणसाला कळतं की हा तोच. पोर्टलला कळत नाही. दहावीच्या गुणपत्रकावर जसं आहे तसंच आधार करून घ्या आणि मग बाकीचं त्याच्या मागं ओढा. उलटं करायला गेलात, म्हणजे दहावीचं गुणपत्रक बदलायला निघालात, तर महिने जातात.

नाडकचेरीत अर्ज कन्नडमध्ये भरावा लागतो. लिहिता येत नसेल तर बाहेर बसलेल्या टायपिस्टकडून भरून घ्या, पण तुमच्या नावाचं कन्नड स्पेलिंग कन्नड येणाऱ्या मित्राकडून एकदा वाचून घ्या. ‘ळ’ आणि ‘ल’ची अदलाबदल तिथं हमखास होते.

शिष्यवृत्तीसाठी एसएसपी हे राज्याचं पोर्टल आहे. त्याला तोच आर.डी. क्रमांक लागतो, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं आधारला जोडलंय म्हणजे झालं असं नाही. पैसे यायला ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणारी संस्था) नोंदीत जोडलेलं असावं लागतं, आणि अशी नोंद एका वेळी एकाच खात्याची राहते. बँकेत जाऊन नेमकं हेच विचारा. घरच्यांनी सोसायटीसाठी म्हणून काढलेल्या कुठल्याशा जुन्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाल्याची उदाहरणं आहेत.

मूळ कागद कुठंही ठेवून येऊ नका, पोच घेतल्याशिवाय तर नाहीच.

४. कॉलेज बघायला जाल तेव्हा काय बघाल

इमारत, कँटीन, बसची सोय हे सगळे बघतात. तुम्ही लॅब बघा. लॅब असिस्टंटला नम्रपणे विचारा, “सर, नेटवर्किंगची प्रॅक्टिकल कशावर होतात?” खऱ्या स्विच-राउटरचा रॅक दाखवला तर उत्तम. सिम्युलेटरवर म्हणाले तरी वाईट नाही, निदान खरं बोलले. कुलूपबंद खोली दाखवून ‘सगळं आहे’ म्हणाले तर समजून घ्या. सीनियरला गाठून विचारा की गेल्या वर्षी तो रॅक किती वेळा चालू झाला.

अभ्यासक्रमाची पीडीएफ आधीच उतरवून ऐच्छिक विषय बघा. नाव छापलेलं असलं तरी विषय शिकवला जाईलच असं नसतं; मुलं पुरेशी नसली की तो ऐच्छिक उघडतच नाही. स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम व्हीटीयूच्या अभ्यासक्रमाहून वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

भाषेबद्दल दोन शब्द. शिकवणं आणि पेपर इंग्रजीत, ऑफिसात कन्नड, कँटीनमध्ये मराठी-कन्नड-हिंदीची मिसळ. तोंडी परीक्षेला मात्र इंग्रजीच लागतं, आणि मराठी माध्यमाच्या मुलांची गाडी अडते ती तिथं. विषय येत असतो, वाक्य येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो : रोज एक संकल्पना आरशासमोर इंग्रजीत चार वाक्यांत मोठ्यानं सांगा. ऑफिसपुरतं कन्नडही शिकून घ्या. पुढं फौंड्रीत किंवा बँकेत केबल ओढायला गेलात की ते फार उपयोगी पडतं.

खेड्यातून ये-जा करणाऱ्यांनी विद्यार्थी पास काढावा. मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये २०२३च्या शक्ती योजनेपासून प्रवास मोफत आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. शेवटची बस किती वाजता ते प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लागायच्या आधी बघा. खानापूर, नंदगडकडच्या मुलांचं निम्मं प्रॅक्टिकल त्या बसच्या घड्याळावर ठरतं.

५. वर्ग सुरू व्हायच्या आधी : आयपी पत्त्यांची वाटणी

जागावाटपाच्या फेऱ्या लांबतात आणि पहिलं सेमिस्टर आखूड पडतं. त्या रिकाम्या दिवसांत एकच गोष्ट पक्की करा : सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचा (नेटवर्कवरच्या यंत्रांचे आकडी पत्ते) मोठा पट्टा लहान तुकड्यांत वाटणं. पुढचा सगळा इमला त्यावर आहे.

उदाहरण घेऊ. समजा निपाणीत मुख्य कचेरी असलेली एक पतसंस्था आहे, आणि संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी अशा तीन शाखा. तुम्हाला १९२.१६८.१०.०/२४ हा पट्टा दिलाय, चार ठिकाणी वाटायचा. /२४ म्हणजे ३२ बिटांच्या पत्त्यातले पहिले २४ बिट नेटवर्कचे; २४चे २६ केले की चार समान तुकडे पडतात, प्रत्येकी ६४ पत्त्यांचे : ०पासून, ६४पासून, १२८पासून, १९२पासून. निपाणीला पहिला दिला तर तिथल्या यंत्रांना १ ते ६२ वापरता येतात. ० हा त्या तुकड्याच्या नेटवर्कचा पत्ता, ६३ हा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, म्हणजे ब्रॉडकास्टचा. ६४ पत्ते असून वापरायला ६२च, ते यामुळं. दुसरा तुकडा संकेश्वरला दिलात आणि तिथल्या मॅनेजरच्या यंत्राला ६४ द्यायला गेलात तर चालणार नाही. तो त्या तुकड्याचं नाव आहे, घर नाही.

हे कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय, बाजूला कुणी बोलत असताना करता यायला हवं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. वेबसाइटवरचं सबनेट कॅल्क्युलेटर पहिल्या सेमिस्टरभर वापरू नका.

बरोबरीनं खाजगी (फक्त आतल्या नेटवर्कमध्ये चालणाऱ्या) पत्त्यांचे तीन पट्टे तोंडपाठ हवेत : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधल्यात लोक चुकतात, तो १७२.१६पासून १७२.३१पर्यंतच जातो.

६. पहिलं सेमिस्टर : केबल आणि पॅकेट ट्रेसर

लागणारी अवजारं थोडी आहेत : क्रिम्पिंग टूल (कनेक्टर दाबून बसवायची पक्कड), केबल टेस्टर, केबलच्या टोकाला बसणारे मूठभर आरजे-४५ कनेक्टर, दहा-पंधरा मीटर कॅट-६ (नेटवर्कची) केबल. वर्गातल्या तिघाचौघांनी वर्गणी काढली तर कुणाला जड जात नाही. बाजारात स्वस्तातली केबल ‘कॅट-६’ म्हणून खपवतात, आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. चाकूनं खरवडून बघा, पांढरी चमक दिसली तर घेऊ नका. अशा केबलवर पीओई (केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा लावला की लांब अंतरावर तो सारखा बंद-चालू होत राहतो.

आठ तारांचा नेहमीचा क्रम, टी-५६८बी : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून मधे निळ्याची का घुसवली, असं प्रत्येकाला वाटतं. आणि कुणीतरी शहाणा ती सरळ करतो : नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी, दोन्ही टोकांना तशीच. टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीनं लागतात. सगळे खूश. मग पंचवीस-तीस मीटर केबल ओढल्यावर नेट रडत चालतं, फाइल मधेच तुटते, आणि कुणाला कारण सापडत नाही. कारण असं : तिसरी आणि सहावी पिन मिळून एकच सिग्नल नेतात, म्हणून त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच हव्यात. पीळ असला की शेजारच्या जोडीचा गोंगाट मारला जातो. सरळ लावलेल्या क्रमात तिसरीवर हिरव्या जोडीतली तार जाते आणि सहावीवर निळ्या जोडीतली. पीळ वाया जातो. साधा टेस्टर फक्त तार इकडून तिकडं पोचली का ते बघतो, कुणाबरोबर पिळलीय ते त्याला कळत नाही. दिवे लागले म्हणून विश्वास ठेवू नका, क्रम डोळ्यांनी वाचा. आणि एका सलग केबलची हद्द १०० मीटर, हे विसरू नका.

पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा (नेटवर्कची यंत्रं बनवणारी कंपनी) सिम्युलेटर त्यांच्या नेटॲकॅड या शिकवणीच्या साइटवरच्या खात्यावरून फुकट मिळतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. नवख्यांना तिथं तीन गोष्टी हमखास छळतात, आणि तिन्ही वेळा बिघाड काहीच नसतो.

पहिली : स्विचला संगणक जोडला की ठिपका नारिंगी राहतो, हिरवा व्हायला जवळपास अर्धा मिनिट लागतो. मुलं तोवर केबल काढून दुसरी लावतात, परत नारिंगी, परत काढतात. स्विच त्या वेळात लूप (केबलींचं बंद वेटोळं) नाही ना याची खात्री करत असतो. या तपासणीला स्पॅनिंग ट्री म्हणतात, तिचे १५ सेकंद ऐकण्याचे आणि १५ शिकण्याचे. थांबा.

दुसरी : राउटरचा ठिपका लालच राहतो. राउटरचे इंटरफेस मुळात बंद अवस्थेत येतात. पत्ता दिल्यावर ‘नो शटडाउन’ ही आज्ञा द्यायला लागते.

तिसरी सगळ्यात मजेची. राउटरपलीकडच्या यंत्राला पिंग (पोचतंय का ते पाहणारी हाक) केलं की पहिलं उत्तर येत नाही, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, आणि पुढची तीन येतात. मुलं म्हणतात पंचाहत्तर टक्केच चालतंय. घडतं असं की पलीकडच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता राउटरला अजून माहीत नसतो. तो एआरपीनं ‘हा आयपी कुणाचा?’ असं विचारून येईतो पहिलं पॅकेट हातचं गेलेलं असतं. पुन्हा पिंग करा, चारही येतील. सिम्युलेशन मोड लावून हे एकेक पाऊल बघा. एआरपीवरची पुस्तकातली चार पानं जे सांगत नाहीत ते या पाच मिनिटांत कळतं.

७. दुसरं आणि तिसरं सेमिस्टर

दुसऱ्यात व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा एकच दुवा), व्हीलॅनांमधलं राउटिंग, ओएसपीएफ (राउटरांनी आपसात वाट ठरवायची पद्धत), डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ता देणं), नॅट (खाजगी पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणं), ॲक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं त्याची यादी). याच क्रमानं करा. रोज थोडं, आणि प्रत्येक लॅबचं कॉन्फिगरेशन मजकुराच्या फाइलमध्ये जपून ठेवा. मुद्दाम बिघडवून मित्राला दुरुस्त करायला देणं हा सर्वांत चांगला सराव; नोकरीत कुणी नवं नेटवर्क बांधायला देत नाही, बिघडलेलंच पुढ्यात येतं.

तिसऱ्यात लिनक्स आणि थोडी पायथन. एम.सी.ए.वाल्यांची प्रोग्रॅमिंगची बाजू इथं कामी येते. पन्नास स्विचवर एकच बदल करायचा असेल तर हातानं टंकणाऱ्यापेक्षा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पगार जास्त असतो. नुसत्या नेटवर्किंगच्या कोर्सवाल्यांपुढं तुमचा पदवीचा फायदा खरं तर हाच.

वायरशार्क शिका, नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. स्वतःचा मोबाइल घरच्या वाय-फायला जोडताना डीएचसीपीची चार पॅकेटं पकडून बघा. पण हा खेळ स्वतःच्या नेटवर्कवरच. होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय डोकावणं २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा होऊ शकतो. कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. ‘गंमत केली’ हे उत्तर तिथं चालत नाही.

पावसाळ्यात हेस्कॉमच्या विजेचा भरवसा धरू नका. जून ते सप्टेंबर लॅब सेव्ह करत करत करा.

८. सुट्टीत केबलवाल्याबरोबर फिरा

हा सल्ला ऐकून घरचे नाराज होतात : एम.सी.ए. करून केबलवाल्याच्या मागं फिरायचं? फिरायचं. गावागावांत फायबर नेणारे स्थानिक इंटरनेटवाले आहेत, त्यांना हात कमी पडतात. महिनाभर त्यांच्याबरोबर राहिलात तर फायबर जोडणं, स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा), ओएलटी (कंपनीकडचं टोकाचं यंत्र), ओएनटी (घरातलं टोकाचं यंत्र) हे सगळं दिसतं. ओएनटीवर येणारा प्रकाश किती डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ते मीटरवर वाचायला शिका. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघर फायबर नेण्याच्या या पद्धतीत, तो उणे २७च्या खाली घसरला की तक्रारीचा फोन येणारच, आणि बहुतेक वेळा कारण असतं कनेक्टरवरची धूळ किंवा खांबाजवळ करकचून वाकवलेली फायबर. फायबरच्या उघड्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. प्रकाश दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत, साखर कारखान्यांत, मोठ्या दवाखान्यांत छोटं का होईना नेटवर्क असतं आणि ते सांभाळणारा बहुधा एकटाच असतो. शेवटच्या सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी तिथं विचारा. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’चा चाळीसावा अवतार करण्यापेक्षा एखाद्या कारखान्याचं नेटवर्क व्हीलॅनमध्ये विभागून, त्याचा नकाशा काढून, आधीचं आणि नंतरचं मोजून दाखवलंत तर मुलाखतीत बोलायला तासभर पुरेल इतकं मिळतं. परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर घ्या आणि त्यांचे खरे आयपी पत्ते, पासवर्ड अहवालात छापू नका.

९. सीसीएनए आणि क्लास

तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्या. क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, वर कर. रक्कम मोठी आहे, म्हणून तयारी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका, पण तारीख न घेता तयारीही होत नाही. मधला मार्ग : सराव परीक्षांत सलग चांगले गुण पडू लागले की महिनाभर पुढची तारीख घेऊन टाका.

क्लास लावावा का? शिस्त लागत नसेल तर लावा. मात्र ‘शंभर टक्के नोकरी’ असं फलकावर लिहिणाऱ्याकडं, आणि मूळ गुणपत्रकं जमा करून घेणाऱ्याकडं जाऊ नका. परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे विकणारेही भेटतात. ते पाठ करून पास झालेला माणूस मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि सिस्कोला कळलं तर प्रमाणपत्रही जातं. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिकवणीवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्किंगचे पूर्ण कोर्स फुकट बघता येतात. पैसे पडतात ते फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर.

१०. नोकरी

कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या. नेटवर्किंगची पहिली नोकरी स्वतः शोधावी लागते : एनओसी (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारा विभाग) इंजिनिअर, नेटवर्क सपोर्ट, फिल्ड इंजिनिअर अशी नावं असतात. ठिकाण पुणे किंवा बेंगळुरू. एनओसीत रात्रपाळी असते. पहिली दोन वर्षं काढायची तयारी ठेवा, घरी आधीच सांगून ठेवा. ऑफर लेटर आलं की तीन गोष्टी वाचा : बॉण्ड आहे का आणि किती वर्षांचा, पाळीचा भत्ता वेगळा मिळतो का, आणि तुम्ही मूळ कंपनीच्या पगारावर आहात की मधल्या ठेकेदाराच्या. ठेकेदाराच्या पगारावर असाल तर पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) पहिल्याच महिन्यात मागून घ्या, आणि दर महिन्याला रक्कम जमा होतेय का ते पासबुकात बघत राहा.